टेमोझोलोमाइडचं परीक्षण: शेकासोबत घ्यायची कॅप्सूल

मेंदूत ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगाची गाठ निघाली, ऑपरेशन झालं आणि रेडिएशन, म्हणजे शेक, ठरलं, की चिठ्ठीवर बहुधा एक कॅप्सूल येते: टेमोझोलोमाइड. मूळ कंपनीचं औषध युरोपात टेमोडाल आणि अमेरिकेत टेमोडार या नावाने विकलं जातं. आपल्याकडे अनेक कंपन्यांची जेनेरिक कॅप्सूल मिळते. घरात तिला ‘केमोची गोळी’ म्हणतात आणि शेक वेगळा, केमो वेगळी, असं धरून चालतात. पहिली गल्लत इथेच होते. शेकाच्या सहा आठवड्यांत ही कॅप्सूल दिली जाते ती मुख्यतः गाठीच्या पेशी किरणांपुढे हळव्या व्हाव्यात म्हणून. तेव्हा तिला जोखायचं तेही याच कामावर: शेकाचा परिणाम ती खरोखर वाढवते का, कोणासाठी वाढवते, आणि त्यासाठी घरी काय काय सांभाळावं लागतं.

ठरलेला शेक ६० ग्रेचा असतो (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). रोज २ ग्रे, आठवड्याला ५ दिवस, ६ आठवडे. किरण पेशीतला डीएनए तोडतात. त्याची एकच पट्टी तुटली तर पेशी ती सहज सांधते. दोन्ही पट्ट्या जवळजवळ एकाच जागी तुटल्या तर पेशीला ते फार जड जातं. ग्लिओब्लास्टोमाच्या पेशी मात्र या सांधकामात तरबेज असतात. त्यात गाठीच्या आतल्या भागात प्राणवायू तुटपुंजा असतो, आणि प्राणवायूवाचून असलेली पेशी मारायला अडीच ते तीन पट किरण लागतात. मग डोसच का वाढवत नाही, असं नातेवाईक हमखास विचारतात. शेजारी निरोगी मेंदू आहे, तो त्याहून जास्त सोसत नाही. म्हणून किरण तेवढेच ठेवून पेशी हळवी करण्याची खटपट गेली कित्येक दशकं चालू आहे.

त्या खटपटीत बरीच औषधं गळाली. प्राणवायूची जागा घेईल अशा आशेने मिसोनिडॅझोल आणलं. हातापायांच्या नसा बधिर होऊ लागल्या, पुरेसा डोस देताच येईना, आणि आयुष्य काही वाढलं नाही. ब्रोमोडिऑक्सियुरिडिन डीएनएमध्ये शिरून तो ठिसूळ करतं, पण मोठ्या चाचणीत त्याने फरक पडला नाही. एफाप्रोक्सिरल हिमोग्लोबिनला जास्त प्राणवायू सोडायला लावतं. मेंदूत पसरलेल्या कर्करोगावर ते वापरून पाहिलं, तेही मोठ्या चाचणीत कमी पडलं. ही यादी सांगायचं कारण असं की प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी हळवी करणारी औषधं पुष्कळ आहेत. माणसाच्या मेंदूपर्यंत पोचून, सोसवेल अशा डोसमध्ये काम करून, मोठ्या चाचणीत टिकलेलं आणि जगभर रोजच्या वापरात आलेलं औषध ग्लिओब्लास्टोमात हे एकच म्हणावं लागेल.

टेमोझोलोमाइड इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने १९८०च्या दशकात तयार केलं. त्याचे दोन गुण आपल्या कामाचे. रेणू लहान आहे आणि चरबीत विरघळतो, त्यामुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडतो. मेंदूभोवतीच्या पाण्यात त्याची मात्रा रक्तातल्या मात्रेच्या साधारण २० ते ३० टक्के भरते. दुसरा गुण असा की पोटातल्या आम्लात ते टिकून राहतं आणि रक्ताच्या किंचित अल्कधर्मी वातावरणात आपोआप फुटून क्रियाशील होतं. त्याला यकृताच्या मदतीची गरज लागत नाही. ते डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइलचा गट चिकटवतं. यातला मारक घाव डीएनएतल्या ग्वानिन या घटकाच्या ओ-६ या जागेवरचा. एकूण घावांत त्याचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी, पण त्या जागी पेशी चुकीची जोडी लावते, दुरुस्ती करणारी यंत्रणा तोच तुकडा पुन्हा पुन्हा कापते आणि शेवटी दोन्ही पट्ट्या तुटतात. आधीच किरणांनी तुटलेल्या डीएनएवर ही भर पडली की सांधकाम कोलमडतं.

पण या घावावर पेशीकडे एक उतारा आहे: एमजीएमटी नावाचं प्रथिन. ते ओ-६ वरचा मिथाइल स्वतःवर ओढून घेतं आणि त्यात स्वतः निकामी होतं. एक रेणू एकाच घावाला पुरतो. काही गाठींत हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचं बटणच मिथायलेशनमुळे बंद झालेलं असतं. अशा गाठीला रिपोर्टात ‘एमजीएमटी प्रमोटर मिथायलेटेड’ म्हणतात, आणि या कॅप्सूलची खरी किंमत तिथे कळते.

आता आकडे. रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखाली युरोप आणि कॅनडात झालेली ५७३ रुग्णांची चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या शेकावर मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण जिथवर हयात होते तो काळ) १२.१ महिने होतं, शेक आणि टेमोझोलोमाइडवर १४.६. अडीच महिन्यांचा हा फरक ऐकून लोक हिरमुसतात. त्यांनी पुढचे आकडेही बघावेत: दोन वर्षांनी हयात असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले, आणि पाच वर्षांनी १.९ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर. म्हणजे फायदा सगळ्यांना थोडा थोडा वाटला गेलेला नाही; काहींना पुष्कळ मिळाला, बऱ्याच जणांना जवळजवळ काहीच नाही. त्याच चाचणीतल्या गाठी तपासल्यावर कारण सापडलं. मिथायलेटेड गाठींत कॅप्सूल घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान २१.७ महिने होतं, नुसत्या शेकावर १५.३. अनमिथायलेटेड गाठींत १२.७ आणि ११.८.

आमचा निवाडा यावरूनच: मिथायलेटेड गाठीला ५ पैकी ४ गुण, अनमिथायलेटेडला २. दोन द्यायचे ते का, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे. अनमिथायलेटेड रुग्णांमध्ये ही कॅप्सूल काढून तिच्या जागी शेकासोबत निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देऊन पाहिलं. मध्यम आयुर्मान १३.४ महिने आलं, टेमोझोलोमाइडच्या बाजूला १४.९. बदली मिळेपर्यंत आहे ते सोडू नये. मात्र अशा रुग्णाच्या प्लेटलेट्स वारंवार घसरत असतील, तर कॅप्सूल थांबवताना घरच्यांनी फार जिवाला लावून घेऊ नये. तिथे शेक पूर्ण होणं जास्त मोलाचं.

तपासणीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. एमजीएमटीची तपासणी म्हणजे बायोप्सीच्या ब्लॉकवरची (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावरची) मिथायलेशनची तपासणी, पीसीआरने किंवा पायरोसिक्वेन्सिंगने केलेली. काही ठिकाणी प्रथिनाचं साधं स्टेनिंग करून ‘एमजीएमटी पॉझिटिव्ह’ असं लिहून देतात. उपचार ठरवायला ते भरवशाचं नाही. ऑपरेशन झालेल्या दवाखान्यातून मेणातला ब्लॉक मागून घ्यावा, नुसत्या काचा (स्लाइड्स) पुरत नाहीत. ब्लॉकमध्ये मेलेल्या ऊतीचाच भाग जास्त असेल तर निकालच येत नाही, म्हणून जिवंत गाठीचा ब्लॉक कोणता ते पॅथॉलॉजिस्टला विचारून तोच पाठवावा. रिपोर्टाची वाट बघत शेक लांबवू नये. कॅप्सूल सुरू करता येते. रिपोर्टाचा खरा उपयोग पुढे किती नेट लावायचा हे ठरवताना होतो.

शेकाच्या काळातला डोस रोज दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम. उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोत घेऊन गुणावं, ३६००ने भागावं आणि वर्गमूळ काढावं. उंची १६० आणि वजन ६० असेल तर उत्तर १.६३ चौरस मीटर, म्हणजे डोस साधारण १२० मिलिग्रॅम: १०० ची एक आणि २० ची एक. हिशेब डॉक्टरांनीच करायचा, पण घरच्यांनी तो पडताळून पाहण्यात काही गैर नाही. शेक सोमवार ते शुक्रवार असला तरी कॅप्सूल शनिवार-रविवारीही घ्यायची असते. शनिवारची सुट्टी कॅप्सूललाही आहे असं समजून चुकणारे खूप आहेत, कारण लिहून देताना ‘शेकासोबत’ एवढंच लिहिलेलं असतं. पहिल्या शेकापासून शेवटच्या शेकापर्यंत मोजले तर ४० ते ४२ दिवस होतात. मशीन बंद पडलं किंवा सुट्ट्या आल्या आणि शेक लांबला, तर कॅप्सूलही लांबते, जास्तीत जास्त ४९ दिवस. मशीन बंद आहे त्या दिवशीही ती घ्यायचीच.

वेळ महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. रिकाम्या पोटी घेतल्यावर साधारण तासाभरात औषध रक्तात शिगेला पोचतं, आणि त्याचा अर्धायुकाल १.८ तासांचाच. म्हणून मूळ चाचणीत ती शेकाच्या एक तास आधी दिली होती. शेक सकाळी ११ ला असेल तर १० ला कॅप्सूल, त्याआधी अर्धा तास उलटीची गोळी. तेलकट, तुपकट खाण्यावर घेतली तर रक्तातली शिगेची मात्रा ३२ टक्क्यांनी घटते. एकूण शोषण फारसं घटत नाही, ९ टक्केच. पण आपल्याला हवी आहे ती शीग, नेमकी शेकाच्या वेळी. त्यामुळे शिरा, वडा, पुरी शेकानंतर. निदान दोन तास आधीपासून पोट रिकामं ठेवावं, साधं पाणी चालतं. मधुमेही रुग्णाला इतका वेळ उपाशी ठेवणं अवघड जातं. तिथे शेकाची वेळ सकाळची पहिली मागून घ्यावी. बहुतेक रेडिएशन विभाग कारण सांगितलं तर वेळ बदलून देतात.

कॅप्सूल अख्खी गिळायची. चावायची नाही, फोडायची नाही. फुटली तर पूड हाताला लागू न देता पुसून घ्यावी आणि हात साबणाने धुवावेत. घरातल्या गरोदर बाईने तिला हात लावू नये. घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी दुसरी घ्यायची नाही, उद्याची उद्या. गिळताच येत नसेल तर शिरेतून द्यायचं रूपही आहे, ९० मिनिटांत चढवतात, पण ते सगळीकडे मिळत नाही.

उलटीच्या ओन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं आणि ऑपरेशन झालेल्या डोक्याच्या माणसाला शौचाला जोर लावणं वाईट. पोट साफ राहायचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावं, चौथ्या दिवशी धावाधाव करू नये.

आता बिघडतं कुठे ते. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, दर आठवड्याला करायची. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या वर आणि प्लेटलेट्स १ लाखाच्या वर असतील तर कॅप्सूल चालू. त्याखाली गेल्या तर कॅप्सूल थांबते, आकडे सुधारल्यावर पुन्हा सुरू होते. न्यूट्रोफिल ५०० किंवा प्लेटलेट्स १० हजारांच्या खाली गेल्या तर शेकाच्या काळापुरती ती बंदच. कॅप्सूल थांबली म्हणजे शेक थांबला असं नाही. घरच्यांनी आपल्या मनाने शेकाला सुट्टी घेऊ नये. खंड पडला की वाचलेल्या पेशींना पुन्हा वाढायला उसंत मिळते. गंभीर रक्तघट मूळ चाचणीत शेकाच्या काळात सुमारे ७ टक्के रुग्णांना झाली, म्हणजे बहुतेकांचं निभावतं. पपईच्या पानांचा रस देऊन प्लेटलेट्सचा आकडा ‘वर आणायचा’ आणि कॅप्सूल घरीच सुरू करायची, हे मात्र धोक्याचं. गुळवेलीचा काढाही या काळात बंद ठेवावा: गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत, आणि टेमोझोलोमाइड स्वतः कधीकधी यकृत बिघडवतं. यकृताच्या चाचण्या कॅप्सूल सुरू करण्यापूर्वी, मधोमध आणि ती संपल्यावर करून घ्याव्यात. हिपॅटायटिस बीची तपासणी तर आधीच झालेली हवी, कारण दडून बसलेला विषाणू या औषधाने पुन्हा डोकं वर काढतो.

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी मात्र हळूहळू, गाजावाजा न करता उतरतात. त्यात सूज कमी करायला डेक्सामेथासोन चालू असतं. या दोघांमुळे न्यूमोसिस्टिस नावाचा फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो झाला तर जीव घेऊ शकतो. म्हणून शेकाच्या काळात कोट्रायमॉक्सॅझोल या सल्फाच्या औषधाची गोळी, बहुधा आठवड्यातून तीन दिवस, द्यायची रीत आहे. ‘ही अँटिबायोटिक कशाला, ताप तर नाही’ म्हणून ती बंद करणारे दिसतात. बंद करू नये. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर पर्याय आहेत. त्यातल्या डॅप्सोनच्या आधी जी-६-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची तपासणी लागते. कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप, एवढ्या दोन तक्रारी आल्या तरी त्याच दिवशी दवाखान्यात जावं.

या औषधाची सर्वांत मोठी उणीव त्याच्या डोसच्या रचनेत आहे. शेक संपला की चार आठवडे विश्रांती आणि मग दुसरा टप्पा: २८ दिवसांच्या चक्रात फक्त पहिले ५ दिवस, पहिल्या चक्रात १५० आणि सोसलं तर पुढे २०० मिलिग्रॅम दर चौरस मीटर, अशी ६ चक्रं. वरच्याच रुग्णाला आता १२० ऐवजी सुमारे २५० मिलिग्रॅम. सहा आठवडे रोज घेण्याची सवय झालेला माणूस हाच दुप्पट डोस सहाव्या, सातव्या दिवशीही घेत राहिला तर अस्थिमज्जा कोसळते. अशा चुकांनी माणसं दगावली आहेत. भर म्हणजे जेनेरिक कंपनी बदलली की कॅप्सूलचा रंग बदलतो, त्यामुळे ‘पिवळी एक आणि गुलाबी एक’ अशी खूण धरून चालता येत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर घ्यायचे पाच दिवस लाल शाईने गोल करावेत, चिठ्ठीवर ‘एकूण ५ दिवस, नंतर बंद’ असं डॉक्टरांकडून अक्षरी लिहून घ्यावं, आणि प्रत्येक ताकदीची कॅप्सूल वेगळ्या डबीत ठेवावी. या टप्प्यात प्लेटलेट्स उशिरा, महिन्याच्या शेवटाकडे तळ गाठतात. पहिल्या आठवड्यातली सीबीसी चांगली आली म्हणून निर्धास्त राहता येत नाही. २२व्या दिवसाची तपासणी चुकवू नये.

शेक संपल्यावरच्या पहिल्या एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसली की घर हादरतं. पण शेकाच्या आणि कॅप्सूलच्या एकत्रित माराने आलेली सूजही तशीच चकाकते. तिला खोटी वाढ म्हणतात, आणि मिथायलेटेड गाठींत ती जास्त दिसते, म्हणजे जिथे औषध उत्तम लागू पडलं तिथेच. म्हणून शेकानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत, शेकाच्या मुख्य क्षेत्राबाहेर नवी गाठ असल्याशिवाय किंवा तुकडा तपासल्याशिवाय, रोग वाढला असं म्हणायचं नाही, असा २०१०चा आंतरराष्ट्रीय निकष आहे. या चित्रावरून कॅप्सूल बंद करणं म्हणजे चालणारं औषध सोडणं.

वय ६५ च्या पुढे असेल तर सहा आठवड्यांचा शेक बऱ्याचदा पेलत नाही. तिथे ४० ग्रे शेकाच्या १५ दिवसांत (आठवड्याला ५) आणि सोबत हीच कॅप्सूल सलग २१ दिवस, अशी योजना २०१७ मध्ये ५६२ रुग्णांवर सिद्ध झाली: ७.६ ऐवजी ९.३ महिने, मिथायलेटेड असेल तर ७.७ ऐवजी १३.५. तीन आठवड्यांत सगळं उरकतं, गावाहून मुंबई-पुण्याला येऊन राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हेच बरं.

एका बाबतीत या कॅप्सूलची ख्याती तिच्या पुराव्यापुढे धावते. मूळ चाचणीत शेकासोबतचा डोस आणि नंतरची चक्रं दोन्ही एकत्र दिली होती, त्यामुळे फायदा कशाचा किती हे वेगळं काढता येत नाही. तिसऱ्या श्रेणीच्या, १पी-१९क्यू हे गुणसूत्रांचे भाग न गमावलेल्या ग्लिओमांवर (मेंदूच्याच गाठींवर) ७५१ रुग्णांची कॅटनॉन चाचणी झाली, तिने ते वेगळं काढलं: नंतरच्या चक्रांचा फायदा स्पष्ट आला, शेकासोबतच्या कॅप्सूलचा एकूण रुग्णांत आला नाही. तेव्हा रिपोर्टात आयडीएच म्युटंट (आयडीएच जनुकात बदल असलेली गाठ) असं लिहिलेलं असेल तर शेकासोबतची कॅप्सूल हवीच का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. ग्लिओब्लास्टोमाला हे लागू होत नाही.

जोडीला आणखी काही द्यावं का? बेव्हासिझुमॅबने सूज उतरते, एमआरआय सुधारतो, पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत आयुष्य वाढलं नाही. शेकासोबत सरसकट घेण्यात पैसा जातो. मिथायलेटेड रुग्णांत लोमुस्टिन हे केमोचं दुसरं औषध जोडून केलेल्या जर्मन चाचणीत ३१.४ ऐवजी ४८.१ महिने आले, फार आशादायक, पण रुग्ण दीडशेच्या आत. तरुण, तब्येतीने धडधाकट माणसासाठी त्याचा विचार करावा, आणि तो अनुभवी हाताखालीच. फिट येऊ नये म्हणून व्हॅल्प्रोएट चालू असेल तर चालू द्यावं. पेशी हळवी व्हावी या आशेने मुद्दाम सुरू करू नये, एकत्रित विश्लेषणात तो फायदा दिसला नाही.

खरेदी करताना सहा आठवड्यांचा साठा एकदम घेऊ नये. सीबीसी आठवड्याची, तर कॅप्सूलही आठवड्याची: १२० मिलिग्रॅमच्या रुग्णाला १०० च्या ७ आणि २० च्या ७. थांबली तर पैसे अडकत नाहीत. शक्यतो एकाच कंपनीची घ्यावी, बॅच आणि मुदत बिलावर लिहून घ्यावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार चालू असतील तर कॅप्सूल पॅकेजमध्ये धरली आहे का हे शेक सुरू होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं, कारण मध्येच कळलं तर दिवस मोडतात. उरलेल्या कॅप्सूल कचऱ्यात किंवा संडासात टाकू नयेत. रुग्णालयाच्या केमो वॉर्डात पिवळ्या डब्यात त्यांची विल्हेवाट लावतात, तिथे परत द्याव्यात.